सरकारी वकिलाची खुर्ची

१२ जून २०१५ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयात मालेगाव बॉम्बस्फोट खटल्याची नेहमीसारखीच एक तारीख होती. सुनावणीच्या आधी राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एनआयएचा, एक अधिकारी विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांच्याशी बोलला. या खटल्यात तुम्ही उभे राहू नये अशी वरच्यांची इच्छा आहे, आता दुसरे वकील काम पाहतील, असा त्याचा निरोप होता. हे सालियन यांचे म्हणणे. एनआयएने ते साफ नाकारले. नेमणूक रद्द झाल्याचा कागद मात्र सालियन यांच्या हाती पडलेला नव्हता.

तेरा दिवसांनी, २५ जूनला, त्यांची मुलाखत ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये छापून आली आणि दिल्लीपर्यंत खळबळ उडाली. केंद्रात नवे सरकार आल्यापासून वर्षभर आपल्यावर या खटल्यात नरमाईने वागण्यासाठी दबाव आहे, असे त्यांनी सांगितले होते. सरकार बदलल्यानंतर लवकरच या अधिकाऱ्याने फोन केला, पण विषय फोनवर बोलण्याचा नाही म्हणून तो स्वतः येऊन भेटला, आणि ‘सबुरीने घ्या’ अशा अर्थाचा निरोप देऊन गेला, असा त्यांचा आरोप होता. त्यांची मागणीही वेगळीच होती. मला खटल्यात ठेवा असे त्या म्हणत नव्हत्या. मला रीतसर अधिसूचना काढून मोकळे करा, म्हणजे मला दुसरी कामे घेता येतील, वेळ पडल्यास एनआयएच्या विरोधातही उभे राहता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

सालियन यांना नवख्या म्हणून कोणी बाजूला सारू शकत नव्हते. तेव्हा त्यांचे वय ६८ होते. मुंबईच्या मुख्य सरकारी वकील म्हणून त्यांनी काम केले होते. जे. जे. रुग्णालयातला गोळीबार, चित्रपट निर्माते भरत शहा यांच्यावरील खटला, मुलुंडचा रेल्वे स्फोट अशा प्रकरणांत त्या सरकारच्या बाजूने लढल्या होत्या. मालेगाव खटल्यात तर त्या दहशतवादविरोधी पथकाच्या, एटीएसच्या, काळापासून होत्या.

हा खटला पहिल्या दिवसापासूनच राजकारणाच्या तोंडी सापडला होता. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, मालेगावच्या भिक्कू चौकात बॉम्ब फुटला. सहा जण ठार झाले, शंभरच्या आसपास जखमी झाले. एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे यांच्या पथकाने माग काढत ऑक्टोबरमध्ये साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना आणि नोव्हेंबरमध्ये लष्करात सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना अटक केली. देशात त्यावरून रण माजले. करकरे यांच्यावर टीकेची झोड उठली असतानाच २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवरील हल्ल्यात ते कामा रुग्णालयाजवळ मारले गेले. त्याच सुमारास आरोपींवर मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लावण्यात आला होता. २० जानेवारी २००९ रोजी एटीएसने आरोपपत्र दाखल केले.

पुढची सहा वर्षे खटला मोक्काभोवतीच घुटमळत राहिला. मोक्का लागला तर पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो आणि जामीन मिळणे दुरापास्त होते. मोक्का गेला की खटल्याचा कणाच निघतो. ३१ जुलै २००९ ला विशेष न्यायालयाने मोक्का काढला, १९ जुलै २०१० ला मुंबई उच्च न्यायालयाने तो परत लावला. एप्रिल २०११ मध्ये तपास एनआयएकडे गेला. १५ एप्रिल २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक आरोपींना मोक्का लागू होतो का याविषयी शंका व्यक्त केली आणि जामीन अर्जांचा नव्याने विचार करण्याचे काम विशेष न्यायालयावर सोपवले. म्हणजे सालियन यांना तो निरोप मिळाला असे त्या म्हणतात, तेव्हा जामिनाची लढाई ऐन तोंडावर होती. अशा वेळी सरकारच्या बाजूला कोण उभे आहे, किती जोराने उभे आहे, याला महत्त्व असते.

मुलाखत येताच काँग्रेसने चौकशीची मागणी केली. आपला कोणताही अधिकारी असे काही बोललेला नाही, अशी एनआयएची भूमिका होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सालियन यांनी त्या अधिकाऱ्याचे नावही प्रतिज्ञापत्रात दिले, एनआयएने त्याचाही इन्कार केला. एका बाजूला शपथेवरचे म्हणणे आणि दुसऱ्या बाजूला यंत्रणेचा नकार. वाद तिथेच थबकला, खटला नव्या वकिलांकडे गेला.

आता कायदा काय सांगतो ते पाहायला हवे, कारण हा वाद एका व्यक्तीच्या मानापमानापुरता नाही.

फौजदारी खटल्यात राज्यसंस्था फिर्यादी असते. ती न्यायालयात बोलते सरकारी वकिलाच्या तोंडून. पण हा वकील सरकारचा नोकर किंवा पोलिसांचा मुखत्यार नाही, त्याने न्यायालयापुढे सारा पुरावा प्रामाणिकपणे मांडायचा, आरोपीच्या बाजूचा असला तरी दडपायचा नाही, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. बोलायला ही स्वायत्तता मोठी. प्रत्यक्षात खटला सुरू करणे, तो थांबवणे आणि तो चालवणारा माणूस बदलणे, या तिन्ही किल्ल्या सरकारच्याच जुडग्यात असतात.

पहिल्या किल्लीचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच, मुळशी तालुक्यात आहे. लवासा हे डोंगरातले शहर पर्यावरण मंजुरीशिवाय उभे राहत असल्याचा ठपका ठेवून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २०१० रोजी काम थांबवण्याची नोटीस दिली. पुढे मंजुरीचा विचार करताना मंत्रालयाने अट घातली की झालेल्या उल्लंघनाबद्दल राज्य सरकारने आधी कंपनीवर खटला भरावा. तो खटला पुण्याच्या न्यायालयात भरला गेला नोव्हेंबर २०११ च्या पहिल्या आठवड्यात. पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली ९ नोव्हेंबरला. वर्षभर न भरलेला खटला मंजुरीची पायरी म्हणून भरला गेला. खटला भरण्याची वेळ गुन्ह्याच्या तारखेने ठरली नाही, फायलीच्या प्रवासाने ठरली.

दुसरी किल्ली खटला मागे घेण्याची. आणीबाणीत मुंबईचे कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर बडोदा डायनामाइट खटला भरला गेला होता. तुरुंगात असतानाच ते १९७७ मध्ये मुजफ्फरपूरमधून लोकसभेवर निवडून आले, जनता सरकारमध्ये मंत्री झाले आणि खटला मागे घेतला गेला. त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९८० मध्ये न्यायालयाने खटला मागे घेणे उचलून धरले, पण एक गोष्ट बजावली: मागे घेण्याचा निर्णय सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने घ्यायचा असतो, सरकारने सांगितले म्हणून फक्त सही करायची नसते. खटला मागे घेण्याचे हेच कलम आंदोलनांतील गुन्हे मागे घेताना महाराष्ट्रातली सरकारेही वापरत आली आहेत. मंत्रिमंडळ निर्णय जाहीर करते, वकील नंतर अर्ज देतो.

तिसरी किल्ली माणूस बदलण्याची, आणि तिच्यावर कुलूपच नाही.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २४ व्या कलमात सरकारी वकिलांच्या नेमणुकीची पद्धत होती. उच्च न्यायालयातील सरकारी वकील नेमताना उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करायचा आणि जिल्ह्यातील वकिलांची यादी करताना जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करायची, अशी त्यात तरतूद होती. महाराष्ट्राने १९८१ मध्ये, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, दुरुस्ती करून पहिली अट काढून टाकली आणि दुसऱ्या अटीच्या जागी ‘राज्य सरकारच्या मान्यतेने’ असे शब्द घातले. न्यायाधीशांचा हात निघाला, मंत्रालयाचा आला. विशेष सरकारी वकिलाला तर मूळ कायद्यातही कोणाशी विचारविनिमय नव्हता. दहा वर्षांची वकिली हवी, बाकी सरकारची मर्जी.

त्याखालच्या पायरीवर परिस्थिती आणखी बिकट होती. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत उभे राहणारे सहायक सरकारी वकील महाराष्ट्रात पोलीस खात्याच्याच आस्थापनेवर होते. १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता लागू झाली, तेव्हा सरकारने जुन्या पोलीस प्रॉसिक्युटरांनाच सहायक सरकारी वकील म्हणून नेमले. त्यांचे नाव बदलले, साहेब तेच राहिले. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला ठणकावले की तपास करणारे आणि खटला चालवणारे वेगळे हवेत, पोलीस खात्यापासून स्वतंत्र अभियोग विभाग उभारा. तो उभारण्यासाठी वकिलांनाच न्यायालयात जावे लागले होते.

सरकार बदलले की वकील बदलायचे, हा खेळ सर्वांत उघडपणे खेळला गेला उत्तर प्रदेशात. मुलायमसिंह यादव यांचे सरकार डिसेंबर १९८९ मध्ये आले. ६ फेब्रुवारी १९९० रोजी एका परिपत्रकाने राज्यातल्या सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकिलांच्या नेमणुका महिनाअखेरीपासून संपवण्यात आल्या. कोणाचे काम चांगले, कोणाचे वाईट, हे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. एक फटका, सगळे बाद. कुमारी श्रीलेखा विद्यार्थी आणि इतर वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारचा बचाव असा होता की वकील आणि अशील यांचे नाते खासगी कराराचे असते, अशिलाला वकील बदलता येतो. २० सप्टेंबर १९९० रोजी न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. सरकारी वकिलाच्या पदाला सार्वजनिक स्वरूप आहे, सरकार करार करतानाही मनमानी करू शकत नाही, समानतेचे कलम १४ तिथेही लागू होते, असे न्यायालयाने सांगितले.

चारच वर्षांनी नाण्याची दुसरी बाजू समोर आली. उत्तर प्रदेशातलेच, उच्च न्यायालयातले विधी अधिकारी काढल्याचे प्रकरण न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यासमोर होते. ज्यांची नेमणूकच कोणतीही पद्धत न पाळता, मर्जीने झाली, त्यांना मर्जीने काढले तर तक्रार करायला जागा नाही, असा त्या १९९४ च्या निकालाचा आशय. मागच्या दाराने आलेल्यांनी मागच्या दाराने जावे, हे त्यातले सूत्र वकिलीत आजही उद्धृत होते. दोन्ही निकाल एकत्र वाचले की दुखणे कुठे आहे ते कळते. नेमणूक जितकी राजकीय, तितकी काढण्याविरुद्धची ढाल पातळ.

हा प्रश्न फक्त भारताचा नाही. अमेरिकेत तर सरकारी वकिलांना काढण्यावरून राष्ट्राध्यक्षांची सत्ता डळमळली आहे. वॉटरगेट प्रकरणाचे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांनी व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती मागितल्या. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी रिचर्ड निक्सन यांनी त्यांना काढण्याचा हुकूम सोडला. महाधिवक्ता इलियट रिचर्डसन यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांच्याखालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि तेही गेले. तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉबर्ट बोर्क यांनी अखेर सही केली. देशभर असा गदारोळ झाला की नवा अभियोक्ता नेमावाच लागला. लिऑन जवोर्स्की यांनी त्याच फितींचा पाठपुरावा केला, २४ जुलै १९७४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निक्सन यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि ९ ऑगस्टला ते पायउतार झाले.

२००६ मध्ये जॉर्ज बुश यांच्या काळात ७ डिसेंबरला एकाच दिवशी सात संघीय सरकारी वकिलांना राजीनामे द्यायला सांगण्यात आले. तिथे हे वकील राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवरच असतात आणि नवा अध्यक्ष आला की बहुतेक सारे बदलतात. त्यामुळे कायदा मोडला असे सरळ म्हणता येत नव्हते. पण स्वतःच नेमलेले वकील मुदतीच्या मध्यात का काढले, राजकीय तपास हवे तसे झाले नाहीत म्हणून का, असा प्रश्न संसदेने विचारला. सुनावण्या झाल्या, ईमेल बाहेर आले आणि २००७ मध्ये महाधिवक्ता आल्बर्टो गोन्झालेस यांना पद सोडावे लागले. तिथे काढणारा दिसत होता, काढल्याची तारीख होती, त्यामुळे जाब विचारायला जागा होती.

मालेगाव खटल्यात तेच नव्हते. कोणी काढलेच नाही, असे सरकारी यंत्रणा म्हणत होती.

पुढच्या घटनांनी शंका वाढवली. १३ मे २०१६ रोजी एनआयएने पुरवणी आरोपपत्र दाखल केले. प्रज्ञासिंह ठाकूर आणि आणखी पाच जणांविरुद्ध खटला चालवण्याइतका पुरावा नाही, मोक्का लागू होत नाही, असे त्यात होते. एटीएसच्या तपास पद्धतीवरही त्यात ठपका होता. सालियन यांच्यानंतर आलेले विशेष सरकारी वकील अविनाश रसाळ यांनी पत्रकारांना सांगितले की या आरोपपत्राची आपल्याला आधी कल्पनाच दिली नव्हती. म्हणजे एका वकिलाचा आरोप होता की तिला बाजूला केले, आणि दुसऱ्याची तक्रार होती की त्याला अंधारात ठेवले.

एनआयएच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. मोक्काबद्दलची शंका सर्वोच्च न्यायालयाने आधीच बोलून दाखवली होती. २७ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने मोक्का काढलाही. मात्र त्याच न्यायालयाने ठाकूर यांना खटल्यातून वगळण्यास नकार दिला. त्यांच्यासह सात जणांवर बेकायदा हालचाली प्रतिबंधक कायद्याखाली ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दोषारोप निश्चित झाले. जिच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नाही असे यंत्रणेने लिहून दिले होते, त्याच आरोपीविरुद्ध आता त्याच यंत्रणेला खटला चालवायचा होता. मधल्या काळात ठाकूर २०१९ मध्ये भोपाळमधून भाजपच्या खासदार झाल्या.

३२३ साक्षीदार तपासले गेले, तीसहून अधिक फितूर झाले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायाधीश ए. के. लाहोटी यांनी सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे निकालाचे सार. मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये भरपाई देण्यास न्यायालयाने सांगितले. मृतांचे नातेवाईक निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले.

या निकालाने सालियन यांचा आरोप खरा ठरत नाही, खोटाही ठरत नाही. खटला ढिला चालवला म्हणून आरोपी सुटले, की मुळात पुरावाच कच्चा होता, याचे उत्तर निकालपत्रातून मिळत नाही. आरोपींनाही त्यातून पूर्ण न्याय मिळाला असे म्हणता येणार नाही. सतरा वर्षांनी मिळालेल्या मुक्ततेवर राजकीय मेहेरबानीचा शिक्का त्यांच्या विरोधकांनी मारलाच. वकील बदलण्याची पारदर्शक पद्धत असती, तर हा शिक्का मारणे इतके सोपे गेले नसते.

सरकारी वकील आणि राजकारण यांची सीमारेषा किती पुसट आहे, याचे दर्शन महाराष्ट्राला २०२४ मध्येही घडले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांपासून अजमल कसाबपर्यंतचे खटले चालवणारे जळगावचे उज्ज्वल निकम यांना भाजपने उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेची उमेदवारी दिली. त्यांनी सरकारी खटल्यांचे काम सोडले. काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी त्यांना १६,५१४ मतांनी हरवले. जूनमध्ये राज्य सरकारने त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमले. एका पक्षाचा उमेदवार राहिलेला माणूस निःपक्ष अभियोक्ता कसा, असा आक्षेप काँग्रेसने घेतला. त्याच वेळी लोकांचा विश्वासही नाकारता येत नाही. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर गावकऱ्यांनी उपोषणात मांडलेल्या मागण्यांत निकम यांची नेमणूक हीही एक मागणी होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने ती मान्य केली. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले.

विशेष सरकारी वकील मागितला म्हणून नेमायचा नसतो, प्रत्येक प्रकरणात कारण तपासावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईहून गेलेल्या मुकुल दलाल प्रकरणात १९८८ मध्येच सांगितले होते. नेमताना कारण हवे, तर काढतानाही हवे, हे त्यातून सरळ निघते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. अभियोग संचालनालयाची रचना तिने बारकाईने घालून दिली, संचालकाची पात्रता ठरवली. पण विशेष सरकारी वकिलाला तिनेही ना मुदत दिली, ना काढण्याची पद्धत. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला त्यात दुरुस्ती करता येते, आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये ती करूनही दाखवली आहे. तेव्हा न्यायाधीशांचा सल्ला काढून टाकण्यासाठी दुरुस्ती झाली. आता एवढीच दुरुस्ती करावी: चालू खटल्यातून सरकारी वकील बदलायचा असेल तर सरकारने लेखी, सकारण आदेश काढावा आणि तो त्याच न्यायालयात दाखल करावा. विधिमंडळात असे विधेयक आणायला कोणत्याही पक्षाच्या आमदाराला अडचण नाही.